नाव नसलेल्या डोंगरावर जायचं तर

प्रश्न असा आहे: राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, हरिहर करून झाले, आता रविवारच्या रांगांचा कंटाळा आलाय. नाशिक आणि अकोले भागात ज्यांचे व्हिडिओ नाहीत, ज्यांच्या वाटेवर लिंबूसरबताच्या टपऱ्या नाहीत, अशा डोंगरांवर चौघा मित्रांना जायचंय. वाट कशी शोधायची, दोर लागतो का, वनखात्याची परवानगी लागते का आणि सुरुवात कुठून करावी?

चारही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांत एक राहून गेलाय आणि माझ्या लेखी तोच पहिला: उतरणार कुठून? ओळखीच्या गडावर हा प्रश्न पडत नाही, कारण वाट आधीच हजारो पायांनी मळलेली असते. अनवट डोंगरावर चढताना डोळे, हात, उत्साह सगळं वर लागलेलं असतं. जो कातळटप्पा चढताना दोन मिनिटांत मागे पडतो, तोच उतरताना पाय कुठे टेकवायचा ते दिसत नाही म्हणून तासभर अडवून धरतो. पुढे जे काही लिहिलंय ते फिरून फिरून याच प्रश्नावर येतं.

आधी डोंगर लांबून वाचायला शिका. सह्याद्रीचा हा सगळा भाग लाव्ह्याचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला, आणि भाकऱ्यांची चवड रचावी तसे थर साचत गेले. टणक थर उभा तुटतो, तो कडा. मऊ थर झिजून उतार होतो, तो पदर. म्हणून इथला कुठलाही डोंगर गावातून पाहिला की काळा पट्टा, गवताचा पट्टा, पुन्हा काळा पट्टा असा दिसतो. गवताच्या पट्ट्यात वाट कुठूनही काढता येते, दम लागेल एवढंच. काळ्या पट्ट्याला एकच विचारायचं: तू कुठे तुटलायस? जितके काळे पट्टे, तितक्या फटी सापडायला हव्यात, आणि त्या सहसा एकाच्या डोक्यावर एक नसतात. पहिल्या फटीतून वर आलात की पदरावरून आडवं जायचं, कधी अर्ध्या डोंगराला वळसा घालून दुसरी फट गाठायची. नवखे लोक पहिल्या फटीतून वर आले की नाकासमोर चढत राहतात आणि दुसऱ्या पट्ट्याखाली अडकतात. तिथून मग 'चढून तर बघू' सुरू होतं.

फटी कुठे असतात? बहुतेक वेळा सोंडेवर. डोंगराची सोंड जिथे मुख्य अंगाला मिळते तिथे वरचा कडा ढासळून त्याच्या मुरुमाने खालचा पट्टा बुजवलेला असतो, आणि मुरुमावर माती-गवत धरून चढण्याजोगी धार तयार होते. दुसरी जागा नाळ. लाव्ह्याच्या थरांना उभी भेग पडून तिच्यात नंतरचा लाव्हा भरला असेल, तर तो कधी आजूबाजूच्या दगडापेक्षा लवकर झिजतो आणि त्या रेषेत खोल घळ पडते. नाळ लांबून मोहात पाडते, कारण ती खालपासून वरपर्यंत सरळ दिसते. पण पावसाळ्यात ती धबधब्याची वाट असते. आत शिरल्यावर तीन-चार ठिकाणी घोटीव, गुळगुळीत पायऱ्या लागतात, माणसाच्या दीडपट-दुप्पट उंचीच्या. त्या लांबून कधीच दिसत नाहीत. माझा साधा नेम असा की सोंड आणि नाळ दोन्ही दिसत असतील तर सोंड. आणि ज्या नाळेने चढलो नाही, त्या नाळेने उतरायचं नाही, मग ती कितीही जवळची वाटो. संध्याकाळी घाईत 'हीच खाली गावात जाते' म्हणून नाळेत उतरायचं, दोन घोटीव टप्पे घसरत उतरायचे आणि तिसऱ्याला पंधरा मीटरचा सुका धबधबा लागायचा. आता खालीही जाता येत नाही आणि वरही. सह्याद्रीत लोक अडकतात ते बहुधा असे.

तिसऱ्या फटी माणसाने केलेल्या. नाशिक भागात नाव नसलेल्या टेकाडावरसुद्धा कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं सापडतं. टाकं आहे म्हणजे कधीकाळी वर पहारा होता, आणि पहारा होता म्हणजे वाट होती. मग कड्याच्या पायथ्याने हळू चालत खोबण्या शोधायच्या: मूठभर खोल, एकाआड एक, बहुतेक वेळा गवताने भरलेल्या. १८१८ नंतर इंग्रजांनी या भागातल्या बऱ्याच गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्यामुळे कधी वाट मधेच संपते आणि वर पुन्हा सुरू झालेली दिसते. मधला तुटका भाग हाच तुमचा 'रॉक पॅच'.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारे नकाशे, घ्या. जुन्या क्रमांकपद्धतीत नाशिकच्या उत्तरेची सातमाळा रांग आणि बागलाण ४६ एच, ४६ एल मध्ये येतात, त्र्यंबक आणि कळसूबाई रांग ४७ ई मध्ये. या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत, त्यांचा अर्थ लक्षात घ्या: १५ मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपू शकतो. आणि तुम्हाला परत फिरवायला १५ मीटर पुरेसे आहेत. मोबाइलवरचा त्रिमिती डोंगर तर आणखी फसवा, कारण त्यात कड्यांच्या कडा घोटून सपाट झालेल्या असतात आणि उभी भिंत गुळगुळीत उतारासारखी दिसते. तेव्हा नकाशा घ्यायचा तो रांगेची ठेवण, खिंडी, पाणवठे, वाड्या आणि सोंडांची दिशा समजायला. उपग्रहचित्र पाहायचं तर जानेवारी-फेब्रुवारीचं पाहा. गवत वाळलेलं असतं, ढोरवाटा पांढऱ्या रेघांसारख्या उठून दिसतात. ढोरवाटा पदरात येऊन एका ठिकाणी गोळा होताना दिसल्या, तर वरच्या पट्ट्यातली फट तिथेच आसपास असण्याची शक्यता बरीच.

पण नकाशापेक्षा गाव मोठं. इथे बहुतेक शहरी मंडळींचा प्रश्नच चुकतो. गाडीतून उतरायचं, डोंगराकडे बोट करायचं आणि विचारायचं, 'वर वाट आहे का?' समोरचा भला माणूस 'हाय की' म्हणणारच. त्याला पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, शिवाय त्याच्या पायांना ती वाट आहेच. 'किती वेळ लागेल?' याचं उत्तर 'एक तास' असतं, आणि तो तास त्याचा असतो. त्याऐवजी ओट्यावर बसा, पाणी मागा, घाई दाखवू नका आणि असं विचारा: 'बाबा, गुरं कुठवर जातात?' 'पावसाळ्यात गवत कापायला कोणत्या अंगाने चढता?' 'भारा घेऊन उतरता ते त्याच वाटेने की दुसरीकडून?' 'वर देव आहे का? जत्रा कधी असते?'

शेवटचा प्रश्न सोन्याचा. वर भैरोबा, म्हसोबा, कुठली देवी असेल आणि वर्षातून एकदा गाव नैवेद्य घेऊन जात असेल, तर म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना नेता येईल अशी वाट आहे हे ठरलं. ती विचारून घ्या. देव नसेल, गुरं दुसऱ्या पदरापर्यंतच जात असतील आणि 'वरती कुणी जात नाही, एक पोरगा गेला होता मधाला' असं ऐकू आलं, तर त्या डोंगराचा माथा तुमच्यासाठी नाही. निदान अजून नाही. गावातला कुणी सोबत येत असेल तर न्या, दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि ती घासाघीस न करता द्या. त्याच्या मागे चालताना मात्र एक भान ठेवा: तो चपलांवर जिथून सरसर जातो तिथून तुम्हाला जाता येईलच असं नाही. 'दादा, दुसरीकडून नेता का' म्हणायला लाजू नका.

दगडाकडे येऊ. हाताखालचा बेसाल्ट दोन स्वभावांचा असतो. एक घट्ट, निळसर काळा, बारीक कणांचा. याला पकड चांगली, पण त्याला उभ्या-आडव्या भेगा असतात आणि भेगांनी सुटलेले ठोकळे नुसते एकमेकांवर टेकून बसलेले असतात. दुसरा करडा-तांबूस, बारीक पोकळ्यांचा, पोकळ्यांत पांढरी झिओलाइट खनिजं भरलेली. हा हाताला खरखरीत लागतो, बूट धरतो आणि म्हणून माणूस त्यावर भरवसा टाकतो. पण तो पापुद्र्यांनी सुटतो. गोलसर, फुगीर पकड हातात आली की ती आधी तळहाताने थोपटा. भरीव 'टक्' आवाज आला तर ठीक. 'धब्' असा पोकळ आवाज आला, तर तो पापुद्रा आहे, आज ना उद्या कुणाच्या तरी हातात येणार. मग बोटांच्या पेरांनी कडेची माती खरवडून बघा. मागे बारीक फट गेलेली दिसते, कधी तिच्यात मुंग्यांची ये-जा चाललेली असते. अशी पकड वापरायचीच वेळ आली तर खालच्या दिशेने दाब द्यायचा, बाहेर ओढायचं नाही. आणि कधीही दोन्ही हात एकाच ठोकळ्यावर नकोत.

थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पट्टा लागतो. तो मऊ असतो, पाण्याने आत कोरला जातो, म्हणून आडवी जायला अरुंद ओटी मिळते आणि गुहा-टाकीही तिथेच असतात. वाट बहुतेक वेळा याच ओटीने नेतात. चालताना कड्याच्या बाजूला अंग ठेवा, कारण ओटीची बाहेरची कड भुसभुशीत असते. पाठीवरची सॅक कड्याला घासून बाहेर ढकलते, हेही ध्यानात असू द्या. अशा जागी सॅक काढून पुढे सरकवलेली बरी.

लोक कातळाला घाबरतात. मला स्वतःला डिसेंबरातलं वाळलेलं गवत जास्त भीतीचं वाटतं. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत नंतर उताराच्या दिशेने आडवं पडतं आणि त्याच्या काड्यांवरून बूट अक्षरशः वाहत जातो. खाली मुरूम, त्यावर गवत, पुढे पंचवीस मीटरवर कडा, अशा उतारावर घसरणारा माणूस थांबत नाही. तिथे टाच रोवून, गवताच्या बुंध्याला मुठीत धरून, तिरपं उतरायचं. कारवीच्या झुडपाचं खोड ओलं आणि जिवंत असेल तर मुळाशी धरलेलं चालतं, वाळलेलं काडकन मोडतं. आणि वणव्यात जळालेला उतार मोकळा दिसतो म्हणून सोपा समजू नका. राखेखाली माती सुटलेली असते.

घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडमातीच्या, घळीत एकामागे एक लांब अंतर ठेवून चालणं हा सगळ्यात वाईट प्रकार. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्यापर्यंत येईतो वेग धरतो. एक तर चौघे अगदी खेटून जा, म्हणजे दगड सुटला तरी लगेच हाताने अडवता येतो. नाहीतर एकेकाने जायचं आणि बाकीच्यांनी कड्याच्या आडोशाला थांबायचं. दगड सुटला की 'दगड!' एवढंच ओरडायचं. हेल्मेट प्रत्येकाला हवं, आणि ते सॅकला लटकवून नेण्यासाठी नाही.

आता दोर. तुमच्यापैकी कुणी दोराचं शिक्षण घेतलेलं नाही असं गृहीत धरतो. तसं असेल तर सरळ सांगतो: ज्या डोंगराला दोर लागतो तो निवडू नका. दोर जवळ आहे म्हणून माणूस एरवी केली नसती ती चढाई करतो, आणि मग वरचा भिडू कमरेला दोर गुंडाळून, पाय रोवून 'ये, धरलंय' म्हणतो. खालचा घसरला तर दोघे जातात. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा नायलॉनचा दोर सामान बांधायला ठीक आहे. कातळात कुणीतरी पूर्वी ठोकलेले गंजके बोल्ट दिसतील, त्यांच्या वयाचा पत्ता नसतो, त्यांना लोंबकळू नका. दोर वापरायचाच असेल तर आधी शिका. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनालीच्या संस्थांचे बेसिक कोर्स आहेत, आणि मुंबई, पुणे, नाशिकच्या जुन्या गिरिभ्रमण संस्था दर हिवाळ्यात प्रस्तरारोहणाची शिबिरं घेतात. एका चांगल्या शिबिरात जे कळेल ते असं उत्तर वाचून कळणार नाही.

दोराशिवाय किती चढावं? यासाठी एक नियम आम्ही पाळतो. माणसाच्या उंचीपेक्षा मोठा कुठलाही कातळटप्पा आला की सगळ्यांत सराईत भिडू सॅक खाली ठेवून एकटा चढतो आणि लगेच उतरून दाखवतो. त्याला तोंड कड्याकडे करून, हलके हलके, उडी न मारता उतरता आलं तरच बाकीचे चढतात. त्यानंतर सगळ्यांत कच्चा भिडू दुसरा चढतो आणि तोही उतरून दाखवतो. वेळ जातो, चेष्टाही होते. पण 'वर गेल्यावर बघू' हे वाक्य या नियमापुढे टिकत नाही. चढायला जमलं पण उतरायला नाही, असा टप्पा म्हणजे त्या दिवसाचा माथा तिथेच. खाली पदरात बसून डबा खायचा, बाजूची सोंड पाहून ठेवायची आणि घरी जायचं.

चढताना दर वीस मिनिटांनी मागे वळून पाहायची सवय लावा आणि वळणाच्या जागांचे फोटो मागच्या दिशेने काढा. वाट परतीला अगदी वेगळी दिसते. सपाट माथ्याच्या डोंगरांवर तर उतरायची जागाच सापडत नाही, कारण वरून सगळ्या कडा सारख्याच वाटतात, त्यात धुकं आलं तर विचारायला नको. जिथून माथ्यावर पाय ठेवला तिथे चार-पाच दगडांची रास रचा आणि उतरताना ती मोडून टाका. मोडायची का? तुमची खूण पुढच्याला भलत्या फटीत नेऊ शकते. रंगाचे बाण मारणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, शब्द बरे येणार नाहीत. मोबाइलमध्ये चालल्या वाटेची नोंद चालू ठेवा, पण कड्यालगत ती दहा-वीस मीटर इकडेतिकडे सरकते आणि दोन फटींमधलं अंतर कधी तेवढंच असतं.

मोसम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. जून ते सप्टेंबर अनवट कातळावर जाऊच नका, शेवाळावर कसलीच पकड नसते. ऑक्टोबरात गवत उभं असतं, वाट आणि खड्डा दोन्ही झाकलेले. मार्चनंतर टाकी आटतात आणि बागलाणचे उघडे डोंगर अकरा वाजताच तापतात. अनोळखी डोंगराला माणशी किमान चार लिटर पाणी न्या, वरच्या टाक्याच्या भरवशावर राहू नका. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा दुपारी १ वाजता जिथे असाल तिथून परत फिरायचं हे आदल्या दिवशी ठरवून टाका, कारण १ वाजता माथा हमखास 'हा काय समोर' दिसत असतो. टॉर्च प्रत्येकाकडे वेगळा हवा, मोबाइलचा नाही.

आग्या मोहोळाबद्दल मात्र नीट वाचा. कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली लोंबणारी मोठी पोळी ही सातमाळा-त्र्यंबक भागात नेहमीची गोष्ट. चढाई ठरवण्याआधी दुर्बिणीने कडा पाहा. काळी पोळी दिसतील, किंवा जुन्या पोळ्यांचे फिकट डाग. तसं दिसलं तर ती फट सोडा, कितीही सोपी असो. धूर, अत्तर, डिओ, आरडाओरडा, शिट्ट्या, ड्रोन, सगळं बंद. माश्या उठल्या तर मोकळ्या वाटेवर शक्य तितक्या लांब पळायचं. पण तुम्ही कातळटप्प्यावर असाल तर पळणं म्हणजे पडणं. म्हणून प्रत्येकाच्या खिशात, सॅकच्या तळाशी नव्हे, डोकं-तोंड-मान झाकेल एवढं जाड कापड असू द्या, आणि हातपाय झाकणारे कपडे घाला. फुरसं हा विषारी साप दुसरा शेजारी. दगडाखाली, ओटीवर, उन्हाला पडलेलं. डोळ्यांच्या वर असलेल्या ओटीवर न बघता हात टाकू नका. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. तो अवयव हलू न देता माणसाला खाली आणायचं आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. कोणत्या तालुक्याच्या रुग्णालयात ते असतं ही चौकशी निघण्याआधीची.

परवानगीचं सांगतो. या डोंगरांच्या पायथ्याला मालकीची शेतं, मग गावाचं गायरान, वर राखीव वन, अशी रचना सर्रास असते. जमीन सरकारी आहे म्हणजे कुणीही कधीही जावं असा अर्थ होत नाही. राखीव वनाला १९२७ चा भारतीय वन कायदा लागू आहे; त्यात विनापरवाना शिरणं आणि आग लावणं हे गुन्हे आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे प्रवेश परवान्यावर, म्हणजे व्यवहारात नाक्यावर शुल्क भरून पावती घेऊन. बाकी ठिकाणी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला किंवा वनरक्षकाला आधी फोन करावा. दिवसा जाऊन येणार, चूल पेटवणार नाही, मुक्काम नाही, असं सांगितलं की सहसा अडचण येत नाही, आणि त्यालाही कळतं की वर कोण आहे. वणव्याच्या दिवसांत नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका. काही गावांत वनव्यवस्थापन समिती थोडे पैसे घेते. पावती मागा आणि द्या. शेतातून जाताना नागली-वरई उभी असेल तर बांधावरून, आणि गाडी लावताना बैलगाडीची वाट अडवू नका. पुढच्या वर्षी त्याच ओट्यावर बसायचंय.

घरी किंवा एखाद्या मित्राला गावाचं नाव, डोंगराच्या कुठल्या अंगाने चढणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर धावाधाव सुरू करायची, हे लिहून ठेवा. मदतीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८ आहेच. शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही डोंगरात अडकलेल्यांसाठी बचाव पथकांचा मेळ घालणारी यंत्रणा आहे. तिचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधी मोबाइलमध्ये घालून ठेवा. पथक आलं तरी पोहोचायला काही तास जातात, आणि ते तास तुम्हाला पाणी, ऊबदार कपडे आणि सपाट जागा यांवर काढायचे असतात. म्हणून चौघांपेक्षा कमी जाऊ नका: एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघे खाली.

कुठून सुरुवात करावी? अकोले तालुक्यातलं घनचक्कर. हरिश्चंद्रगडाच्या तारामती शिखरापेक्षा उंच, १५०० मीटरच्या वरचा डोंगर, आणि तरी तिथे सहसा चिटपाखरू नसतं. राजूरहून शिरपुंज्याला जायचं. गावावर भैरवगड आहे, वर भैरोबा, म्हणजे गावची वाट आलीच. भैरवगड आणि घनचक्कर यांच्यामधल्या खिंडीपर्यंत त्याच वाटेने जाऊन मग घनचक्करच्या अंगाला लागायचं. ओळखीच्या वाटेवरून अनोळखी डोंगरावर जाण्याचा सराव यापेक्षा चांगला मिळणार नाही. माथा ऐसपैस पठारासारखा, त्यामुळे दगडाची रास, मागे वळून फोटो, उतरायची जागा शोधणं, हे सगळं तिथे शिकून होतं. त्याच परिसरातला गवळदेवही १५०० च्या वरचा, तो दुसऱ्या फेरीला.

त्यानंतर सातमाळा. वणीच्या बाजूने रवळ्या-जवळ्या ही गडांची जोडी घ्या. मधल्या पठारापर्यंत चालत जाता येतं, पण दोन्ही माथ्यांना शेवटी कातळाची टोपी आहे आणि तिथे वर सांगितलेला 'चढून उतरून दाखव' नियम खरा कामाला येतो. एकच माथा झाला तरी चालेल. त्याच रांगेतल्या कांचन-मंचन डोंगराच्या खालच्या बारीत, म्हणजे खिंडीत, १६७० मध्ये शिवाजी महाराजांची दाऊदखानाशी लढाई झाली, ती सगळ्यांना पुस्तकातून ठाऊक. वरच्या डोंगराकडे फिरकणारे थोडे. तिथे घसारा भेटेल. बागलाणच्या सेलबारी रांगेतला तांबोळ्या मात्र इतक्यात नको, घसारा आणि दरी दोन्ही अंगावर येतात. आणि अलंग-मदन या दोर लागणाऱ्या गडांकडे बघून 'हेही करून टाकू' असं कुणी म्हणालं तर त्याला आधी दोराच्या शिबिराला पाठवा.

एक शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी. वाट सापडल्यावर ती जगजाहीर करताना नुसती मोबाइलमधली रेघ टाकू नका. महिना कोणता होता, गवत किती होतं, पोळी कुठे दिसली, कोणत्या टप्प्यावर कोण परत फिरलं, गावात कुणाच्या परवानगीने गेलात, हे सोबत लिहा. नुसत्या रेघेवर विसंबून पावसाळ्यात तिथे जाणारे निघतातच.